लोणारला जायचं ते दगड बघायला



संक्रांतीच्या वाणाची धांदल उरकली, तूर घरात आली, की गटाच्या बैठकीत हमखास एक विषय निघतो. सहल. आणि सहल म्हटलं की नावंही ठरलेली असतात. माहूर, तुळजापूर, औंढा, पंढरपूर. देवाला जायला घरातून कुणी नाही म्हणत नाही, म्हणून आपण देवाच्याच गावाला जातो. त्यात वाईट काही नाही. पण एका बैठकीत एका सुनेनं विचारलं, "ताई, टीव्हीवर तो जळता डोंगर दाखवतात, ज्वालामुखी, तो आपल्याकडं कुठं बघायला मिळतो का हो?" सगळ्याजणी हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजचं बोलणं तिच्या त्या प्रश्नावरच.

जळता ज्वालामुखी भारतात एकच आहे, अंदमानच्या समुद्रात. बॅरन नावाचं बेट. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रातून सुमारे १३८ किलोमीटर. १९९१ साली तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून मधूनमधून धुमसतो. तिथं माणसं राहत नाहीत, बेटावर उतरायचीही मुभा नाही. म्हणजे तो आपल्या कामाचा नाही. पण विझलेला ज्वालामुखी बघायचा असेल तर तिकीटसुद्धा काढायला नको. तुम्ही आत्ता जिथं बसून हे ऐकताय, त्या जमिनीखाली तोच आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, सगळा जिल्हा थंड झालेल्या लाव्ह्यावर बसलेला आहे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. डोंगराच्या टोकातून आग उसळते तसं ते नव्हतं. भेगांमधून पातळ, तापलेला रस वर आला आणि उतू गेलेल्या दुधासारखा चहूकडं पसरला. थांबला, थंड झाला. पुन्हा आला. असं लाखो वर्षं चाललं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचेही तुकडे मिळून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड पसरलेला आहे. सह्याद्रीकडं त्याची जाडी दोन किलोमीटरच्याही वर जाते, पूर्वेला येत येत ती कमी होते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं जमिनीला खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटरवर हा दगड संपला. नांदेडच्या पुढं देगलूर-बिलोलीकडं तर तो पार विरतो आणि दुसऱ्याच जातीचा, दाणेदार, लालसर-करडा खडक दिसायला लागतो. तिकडं माहेर असलेल्या बाईला विचारा, तिच्या गावचे धोंडे आणि आपल्या गावचे धोंडे एकसारखे नाहीत.

अशी भेग पडून रस वाहणं माणसानं डोळ्यांनी पाहिलंय, फार लांब, आइसलँड नावाच्या बर्फाच्या देशात. १७८३ साली तिथं लाकी नावाच्या जागी २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा येत राहिला. विषारी वाफेनं गवत बाधलं, गुरं-मेंढरं मेली, आणि मग दुष्काळात देशातली पाचवा हिस्सा माणसं गेली. आजही त्या देशाच्या मधल्या ओसाड भागात लोक मुद्दाम फिरायला जातात. चंद्रावर जाणाऱ्या अमेरिकी अंतराळवीरांनाही दगड ओळखायला शिकवण्यासाठी तिकडं नेलं होतं. आता विचार करा, आपल्याकडं जे झालं ते या लाकीच्या कितीतरी हजारपट. आपण मात्र त्याच दगडाचा पाटा घरात ठेवतो आणि त्यावर मिरची वाटतो.

खरंच, आपल्या घरातच बघा. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, उंबऱ्यासमोरची पायरी, शेताच्या धुऱ्यावरचा म्हसोबा. सगळा काळा दगड. जात्याला टाकी लावायला येणारा माणूस दगडावर बोट फिरवून सांगायचा, हा चांगला, हा ठिसूळ. वडार समाजातल्या माणसांना या दगडाची जेवढी पारख आहे तेवढी पुस्तक शिकलेल्यांना क्वचितच असते. विहीर खोदताना वरून खाली काय काय लागतं ते त्यांना तोंडपाठ. आधी काळी माती, मग चुनखडीची पांढरट माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्याखाली तांबडा, गेरूसारखा एक पट्टा. त्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण.

हे असं का, ते धिरड्यावरून समजून घेऊ. तव्यावर धिरडं टाकलं की वरच्या बाजूला जाळी पडते, कारण वाफ वर निघते. लाव्ह्याचा एक थर वाहून आला की त्याच्यातलीही वाफ वर जायची. म्हणून थराच्या वरच्या भागाला भोकं पडली. तोच आपला मांजऱ्या. पुढं त्या भोकांत पाणी झिरपून पांढऱ्या, काचेसारख्या गारगोट्या तयार झाल्या. पोरं खेळायला गोळा करतात त्यातल्या काही याच. थराचा मधला भाग सावकाश थंड झाला, तो भरीव राहिला. तोच काळा पाषाण. आता एक थर येऊन गेल्यावर दुसरा यायला कधीकधी हजारो वर्षं लागली. तेवढ्यात पहिल्या थराची वरची बाजू झिजून माती झाली. मग वरून पुन्हा तापलेला रस आला आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजली. तो तांबडा पट्टा म्हणजे ही भाजलेली माती. आपली काळी जमीनसुद्धा याच दगडाची झीज आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात एवढी भेगाळते की पाय अडकावा. कापसाला ती मानवते, घराच्या भिंतींना मानवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे ऐकून आमच्या पदरात काय पडणार? पदरात पडणार आहे ते पाणी. नाहीतर निदान वाचलेला पैसा तरी.

गटातून कर्ज निघतं ते कशाकशाला निघतं, आठवा. शेळी, शिलाई मशीन, लग्न, दवाखाना आणि बोअर. यातलं बोअरचं कर्ज मला सगळ्यात भीतीचं वाटतं. शेळी मेली तर विमा असू शकतो. कोरड्या बोअरला विमा नाही. आमच्या ओळखीतल्या एका ताईच्या घरी एकाच उन्हाळ्यात दोन बोअर घेतले. पहिला साडेतीनशे फूट, धुरळा. गाडीवाला म्हणाला, अजून खाली जाऊ, पाताळात पाणी असतंच. दुसरा पाचशेच्या पुढं गेला, धुरळाच. गाडीवाल्याचं बिल फुटावर असतं, पाण्यावर नसतं. हप्ते ताईंनी फेडले, तीन वर्षं.

पाताळात पाणी असतंच, ही समजूत आपल्या दगडाला लागू पडत नाही. वाळूच्या मुलखात खाली जावं तसं पाणी वाढतही असेल. आपल्याकडं पाणी राहतं ते तीन जागी. वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या जाळीत, आणि पाषाणाला पडलेल्या चिरांत किंवा दोन थरांच्या सांध्यात. भरीव पाषाणात पाणी नसतं. असणार कसं? पाट्यावर तांब्या उपडा केला तर पाणी आत जातं का? आणि जसजसं खोल जावं तसतशा चिरा वरच्या ओझ्यानं मिटत जातात. क्वचित खोलवर पाणी लागतं, नाही असं नाही. पण ते लागलं म्हणून शेजाऱ्यालाही लागेल असं नाही, कारण चीर त्याच्या वावरातून गेलेलीच नसते. २००९ साली झालेल्या राज्याच्या भूजल कायद्यानंही ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढच्या खोल विहिरींना आळा घातलाय. गाडीवाले हे सांगत नाहीत.

पाणाड्याबद्दल मला नेहमी विचारतात. मी त्याची थट्टा करणार नाही. म्हातारा पाणाड्या झाडं बघतो, वारूळ बघतो, उतार बघतो, आजूबाजूच्या विहिरी किती हातांवर लागल्या ते विचारतो. हे सगळं उपयोगाचंच आहे. पण तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून लाख रुपये जमिनीत घालायचे, हे मला पटत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचं सरकारी खातं आहे, त्याचं जिल्ह्याला कार्यालय असतं. बोअर घेण्याआधी तिथं अर्ज करून विचारावं. आणि त्याहून आधी गावातल्या चार विहिरींत स्वतः डोकावून बघावं, पाणी कुठल्या थरातून पाझरतंय ते. त्यासाठी थर ओळखता आला पाहिजे. तो ओळखायला शिकण्याची जागा म्हणजे लोणार.

लोणार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं खारं तळं येतं. बरोबर. बुलढाणा जिल्ह्यात, आपल्या सीमेपासून फार लांब नाही. जिंतूरहून चारठाणा, मंठा, तळणी असं गेलं की लोणार. परभणीहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, जीपनं तीन तास धरा. एक दिवसात जाऊन येणं होतं.

तिथं काय आहे? सपाट माळ चालत असतो आणि एकदम जमीन संपते. खाली बशीसारखा गोल खड्डा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. खोली काठापासून दीडशे मीटरच्या जवळपास. चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत आत उभी राहील. उतारावर गर्द झाडी, तळाशी हिरवट पाणी. पहिल्यांदा बघणारी बाई गप्पच होते.

कथा अशी सांगतात की इथं लवणासुर नावाचा राक्षस जमिनीखाली राहायचा. विष्णूनं बालरूप घेऊन त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्यातलं पाणी म्हणजे त्याचं रक्त. म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. ते देऊळ चुकवू नका, भिंतींवरचं कोरीव काम बघायला एक तास कमी पडतो. आणि ही सगळी नक्षी त्याच काळ्या दगडात केलीय बरं का, ज्याला आपली कुदळ लागली तरी ठिणगी उडते.

अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथात या तळ्याचा उल्लेख आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो, असं त्यात म्हटलंय. पुढं १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहून लिहून ठेवलं. त्यानंतर दीडशे वर्षं मोठमोठे जाणकार काय समजत होते, ठाऊक आहे? हा ज्वालामुखीचा खड्डा आहे. समज चुकीचा होता, पण तसं वाटणं स्वाभाविक होतं. भोवती चहूकडं ज्वालामुखीचाच दगड, मध्ये गोल खड्डा, दुसरं काय असणार?

पण खूण पटत नव्हती. ज्वालामुखी असता तर खड्ड्याभोवती त्यातून निघालेली ताजी राख, नवा लाव्हा सापडला असता. तसं काही नव्हतं. उलट काठावरचे थर, जे मुळात अंथरलेल्या सतरंज्यांसारखे आडवे असायला हवेत, ते वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले होते. काही ठिकाणी तर अर्धवट उलटलेले. ओल्या चिखलात जोरात धोंडा मारा, कडेचा चिखल कसा वर येऊन बाहेर वळतो, तसं. मग तळ्यात भोकं पाडून आतला दगड काढला. तो चिरडलेला निघाला, त्यात अफाट दाबानं बनलेली काच निघाली. असा दाब ज्वालामुखीत होत नाही. १९७३ साली हे पक्कं छापून आलं. आकाशातून आलेली उल्का आदळली आणि हा खड्डा पडला. काळ्या पाषाणात पडलेले असे खड्डे पृथ्वीवर अगदी मोजके, चंद्रावर आणि मंगळावर मात्र खच आहे, कारण तिथलाही दगड याच जातीचा. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

कधी आदळली? यावर अजून भांडण आहे. एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं निघतात, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. कुठलंही धरलं तरी आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे भाकरी कधीची भाजून गार झालेली, आणि बोट तिच्यात काल खुपसलं.

आपल्याला उल्केचं कौतुक आहेच, पण मी तुम्हाला तिथं न्यायचं म्हणते ते वेगळ्या कारणासाठी. त्या उल्केनं आपल्यासाठी दीडशे मीटर खोल विहीर खोदून ठेवलीय, अशी की जिच्यात चालत उतरता येतं. आपल्या विहिरीत डोकावलं तर एक, फार तर दोन थर दिसतात. लोणारच्या कड्यात लाव्ह्याचे सहा थर मोजलेत. झाडीमुळं सगळे सलग दिसत नाहीत, पण वाटेवर मध्येमध्ये दगड उघडा पडलाय. तिथं थांबा. हात लावा. इथं जाळी आहे का? पांढरे ठिपके आहेत का? मग हा थराचा वरचा भाग. इथं भरीव आहे, उभ्या चिरा आहेत? मग हा पोटातला. तांबडी रेघ दिसली तर तिच्यावर ओल आहे का ते बघा. तांबडी माती फुगून घट्ट बसते, पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि कड्यातून बाहेर पडतं.

ते बाहेर पडलेलं पाणीही तिथं बघायला मिळतं. काठाजवळ धार आहे, गोमुखातून बारा महिने पडते. बायका तिथं श्रद्धेनं आंघोळ करतात. आतल्या उतारावर रामगया, सीता न्हाणी अशी आणखी झऱ्यांची ठिकाणं आहेत. माळावर उन्हाळ्यात घोटभर पाण्याची मारामार आणि इथं धार चालू, याचं नवल वाटतं. पण काठावर पडलेला पाऊस मुरमातून, जाळीतून, सांध्यांतून सावकाश चालत येतो आणि जिथं जमीन कापलेली आहे तिथं उघडा होतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बोअरवाल्यानं "पाताळात पाणी आहे" म्हटल्यावर आपण त्याला विचारू शकतो, कुठल्या थरात, दादा?

वरची सगळी धार गोडी. खालचं तळं मात्र खारं, तेही नुसतं मिठासारखं खारं नाही, सोड्यासारखं. तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. येणारं पाणी उन्हानं उडून जातं, दगडातून विरघळून आलेला क्षार मागं राहतो, वर्षानुवर्षं साठतो. आपण पापडात घालतो तो पापडखार याच जातीचा. पूर्वी लोक तळ्याकाठचा हा क्षार गोळा करून विकायचे, त्यात पापडी, दल्ला, भुस्की अशा प्रती होत्या.

याची परीक्षा करायची असेल तर एक सोपी युक्ती. घरून निघताना कोऱ्या कागदाला ओली हळद फासून तो वाळवा आणि बरोबर घ्या. आपल्या वसमत-हिंगोलीकडची हळद असली तर उत्तमच. धारेचं पाणी कागदावर टाका, हळद पिवळीच राहील. तळ्याचं पाणी टाका, लाल होईल. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच हे. शाळेतली मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगू नका, बघू द्या. गावातल्या क्षारपड वावरातली माती पाण्यात कालवून, निवळलेलं पाणी या कागदावर टाकून बघितलं तर जास्त सोडा असलेल्या जमिनीचा अंदाजही येतो. अंदाजच, माती परीक्षण वेगळं.

खाली तळ्याकाठी कमळजा देवीचं देऊळ आहे, नवरात्रात मोठी यात्रा भरते. तिथं जवळच एक विहीर आहे, तिचं नाव सासू-सुनेची विहीर. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. गोड सासू की सून, यावर बायकांत जेवढं भांडण होतं तेवढं शास्त्रज्ञांत उल्केच्या वयावरूनही होत नसेल. कारण साधं आहे. एका अंगानं कड्यातल्या झऱ्याचं पाणी पाझरतं, दुसऱ्या अंगानं तळ्याचं.

२०२० च्या जून महिन्यात तळं गुलाबी झालं होतं, पेपरात फोटो आले होते. लोक म्हणाले प्रकोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा कळलं, पाणी आटून खारेपणा वाढला आणि क्षारात वाढणारे बारीक जीव बळावले, रंग त्यांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या तळ्याला रामसर यादीत जागा मिळाली. जगातल्या जपून ठेवण्याजोग्या पाणथळ जागांची ती यादी आहे.

म्हणून तिथले नियम कडक आहेत. खड्डा आणि तळं वन्यजीव अभयारण्यात येतं. पाण्यात उतरायचं नाही, साबण लावायचा नाही, निर्माल्य सोडायचं नाही. आणि दगड उचलून आणायचा नाही. आपल्याला सवय असते, नदीवर गेलो की एक गुळगुळीत गोटा पिशवीत. इथं तो मोह आवरायचा. बघायचा, हात लावायचा, जागेवर ठेवायचा.

आता जायचंच ठरवलं तर चार गोष्टी ऐका. उन्हाळ्यात जाऊ नका. खड्ड्यात वारा लागत नाही आणि काळा दगड तव्यासारखा तापतो. संक्रांत ते महाशिवरात्र हे दिवस चांगले. भर पावसाळ्यात वाट निसरडी असते. सकाळी लवकर उतरा, ऊन चढायच्या आत वर या. उतरणं सोपं, चढणं घाम काढतं. गुडघे दुखणाऱ्या मावश्यांनी खाली जायचा हट्ट करू नये. धार, दैत्यसूदनाचं देऊळ आणि काठावरून दिसणारा सगळा खड्डा, एवढ्यातही दिवस सार्थकी लागतो. त्यांच्याबरोबर एखादी तरुण पोरगी वर थांबवा, एकटं सोडू नका.

पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. स्लिपर घालून उतरलेली बाई वर येताना अनवाणी येते, ते मी पाहिलंय. पाणी प्रत्येकीनं दोन लिटर, शिवाय मीठ-साखर. भाकरी, ठेचा, दशम्या चालतील, पण वानरं फार आहेत, पिशवी तोंड बांधूनच ठेवा आणि त्यांना खायला घालू नका. खाली स्वच्छतागृहाची सोय मिळेल असं धरून चालू नका. वर गावातच उरकून मग उतरा. हे उघड बोलायला आपण लाजतो आणि मग बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यानं डोकं दुखून सहल वाया जाते. पाळीचे दिवस असतील तरी यायला काही हरकत नाही. देवळात जायचं की नाही ते जिचं तिनं ठरवावं, दगड कुणाला विचारत नाही.

खालची वाट त्या दिवशी उघडी आहे का, तळ्याचं पाणी कुठवर आलंय, हे वनखात्याच्या माणसाला विचारूनच पुढं जा. वाटाड्या घ्या आणि त्याला आधीच सांगा, आम्हाला देवळं दाखवाच, पण थर, तांबडी माती आणि झरे दाखवा. बहुतेक वाटाड्यांना ते माहीत असतं. कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

परतताना चारठाण्याला अर्धा तास थांबा. आपल्याच जिंतूर तालुक्यातलं गाव, जुनी हेमाडपंती देवळं आणि एक उंच कोरीव दगडी खांब आहे. सकाळी मांजऱ्या आणि पाषाण ओळखायला शिकलेली बाई संध्याकाळी त्या खांबाला हात लावून सांगू शकते, कारागिरानं दगड थराच्या कुठल्या भागातून निवडला असेल. जाळीच्या दगडात इतकी बारीक नक्षी निघत नाही.

खर्चाचं म्हणाल तर जीप करायची ताकद नसेल तर एसटी आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्या आज्यांना तिकीटच नाही, आधार कार्ड मात्र बरोबर हवं. गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून एक रात्र लोणारला मुक्काम धरा. दहा-बाराजणी असाल तर खोल्या आधी फोन करून ठरवा. आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा.